मस्तकावरचा हात

मूल किती वर्षांचे झाले म्हणजे निजण्यापूर्वी त्याच्या मस्तकावरून हात फिरविणे थांबवावे, असा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही. उत्तर मात्र घरोघर ठरल्यासारखे असते. जालना जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांतून वावरताना आम्ही पाहतो, की मुलगा सहावी-सातवीत गेला म्हणजे वडिलांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा टपली मारण्यापुरताच. मुलगी न्हाती झाली, की बाप तिच्याशी बोलताना भिंतीकडे पाहू लागतो. आईची माया आटते असे नव्हे. पण ती ताटातल्या भाकरीतून बोलते, तोंडून बोलत नाही. याविषयी विचारले तर उत्तर मिळते, "आपल्याकडे तशी रीत नाही, फादर." ही रीत खरोखर किती जुनी आहे आणि ख्रिस्तसभेची स्मृती याबाबत काय सांगते, हे वाचकांपुढे थोडक्यात ठेवावे असे आम्हांस वाटते.

प्रथम घराकडे पाहू. मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे. जाड मातीच्या भिंती, आत एक माजघर, एक चूल. रात्री चिमणी मालविली, की आजी, आई, सुना, लेकरे एकाच ओळीत वाकळा अंथरून निजत. उन्हाळ्यात सारे बिऱ्हाड माळवदावर जाई. अशा घरात निजताना वेगळा निरोप घेण्याची गरजच नसे. दहा वर्षांच्या मुलाला कूस बदलली तरी कोणाचा तरी हात लागे, आजीची गोष्ट अर्धवट ऐकत तो झोपी जाई. आज आपण सिमेंटची घरे बांधली, मुलांना अभ्यासाला खोली दिली, हे चांगलेच झाले. पण खोलीला दार आले आणि त्या दाराचा उंबरा ओलांडून मुलापाशी जाण्याची सवय आपल्याला कोणी शिकविली नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आज ज्याला आपण किशोरवय म्हणतो, ते वय आईबापांच्या घरी घालविण्याचे भाग्य आपल्या पणज्यांना लाभलेच नव्हते. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. ती त्या काळची सर्वसाधारण गोष्ट होती. ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा ते वय दहावरून बारावर नेण्यासाठी केवढा गदारोळ उठला! पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले. पण जालना तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे. तेव्हा जी पोर आईच्या कुशीत निजायची, ती एका मांडवानंतर सासूच्या घरी परक्या अंथरुणावर निजू लागे. मुलगेही लवकरच औतामागे किंवा मजुरीला लागत. पाश्चात्त्य देशांतही किशोरवय हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांच्या १९०४ सालच्या ग्रंथापासून.

म्हणून "आपल्याकडे तशी रीत नाही" हे उत्तर खरे आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. वाढत्या मुलाला माया दाखवू नये असे पूर्वजांनी ठरविले नव्हते. तेरा-चौदा वर्षांचे मूल घरात आहे, विशेषतः मुलगी आहे, ही स्थितीच बहुसंख्य घरांत नवी आहे. जालन्यासह मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांत बालविवाह अजूनही समूळ गेलेले नाहीत, हेही येथे विसरून चालणार नाही. जी मुलगी आज दहावीत शिकते आणि रात्री आपल्याच घरी निजते, तिच्यासाठी आपल्याला रीत घडवावी लागणार आहे. ती घडविताना आपल्याला पवित्र शास्त्राकडे आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे पाहता येते.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील हन्नाची कथा सर्वांना ठाऊक आहे. नवसाने झालेला मुलगा तिने शिलोच्या मंदिरात एली याजकाच्या स्वाधीन केला. त्या कथेत एक लहानसा तपशील आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. दरवर्षी यज्ञासाठी जाताना हन्ना आपल्या मुलासाठी एक लहान अंगरखा शिवून नेत असे. दरवर्षी म्हणजे दरवर्षी थोड्या मोठ्या मापाचा! मूल डोळ्यांआड होते, तरी ते केवढे झाले असेल याचा अंदाज ती माता करीत होती. वाढत्या मुलांवरील प्रेमाचे याहून साधे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. तोच शमुवेल मंदिरात निजलेला असताना हाक ऐकून रात्री तीनदा उठला आणि एलीकडे धावला. वृद्ध एली त्याच्यावर खेकसला नाही. 'जा बाळा, नीज' अशा अर्थाचे शब्द बोलून त्याने त्याला परत पाठविले आणि अखेर देवाची हाक कशी ओळखावी तेही शिकविले.

आरंभीच्या ख्रिस्तसभेतील एक प्रसंग इतिहासकार युसेबियस याने नोंदवून ठेवला आहे. अलेक्झांड्रिया नगरीतील लिओनिदस हा गृहस्थ आपला थोरला मुलगा ओरिजेन झोपी गेला म्हणजे त्याच्या छातीवरचे वस्त्र हळूच बाजूला सारून तिचे चुंबन घेत असे, कारण ती पवित्र आत्म्याचे मंदिर आहे अशी त्याची श्रद्धा होती. मुलगा दिवसा अवघड प्रश्न विचारी, तेव्हा हाच बाप त्याला वयाला न शोभणाऱ्या चौकशा करू नकोस म्हणून दटावीत असे. दिवसाची शिस्त आणि रात्रीचे वात्सल्य एकाच बापाच्या ठायी नांदत होते. इ. स. २०२ च्या सुमारास छळ उसळला आणि लिओनिदसला मृत्युदंड झाला. ओरिजेनला तेव्हा सतरावे वर्षही पुरते सरले नव्हते. तोही हुतात्मा होण्यासाठी निघाला, तेव्हा आईने त्याचे कपडे लपवून ठेवले आणि त्याला घराबाहेर पडू दिले नाही. पुढे तो ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या थोर पंडितांपैकी एक झाला.

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मुलांनी सकाळी आणि रात्री आईवडिलांपुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागण्याची प्रथा होती. ती बाळांपुरती नव्हती. संत थॉमस मोर १५२९ साली राज्याचे चॅन्सेलर झाले. त्यांचे वृद्ध वडील त्याच वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये न्यायाधीश होते. आपल्या न्यायासनाकडे जाताना वडील दिसले, की हा पन्नाशीचा मुलगा सर्वांसमक्ष गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेत असे.

आपल्या कोकणपट्टीलाही ही परंपरा परकी नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत रात्रीची जपमाळ संपली, की लहानथोर वयाच्या क्रमाने वडीलधाऱ्यांसमोर येऊन 'बेसांव' मागतात. हा शब्द आशीर्वाद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून कोकणीत रुजला. वसईकडच्या ख्रिस्ती घरांतही जपमाळेनंतर थोरांचा आशीर्वाद घेण्याची रीत आहे. या रीतीचे मर्म असे, की वय वाढले म्हणून कोणी तिच्यातून सुटत नाही. कॉलेजात जाणारा मुलगा, लग्न झालेली मुलगी, सारेच आजीपुढे वाकतात. दिवसभरात वाद झाला असला तरी रात्री तो हात मस्तकावर येतोच.

मराठवाड्यात ख्रिस्ती श्रद्धा आली ती मात्र वेगळ्या वाटेने, आणि त्या वाटेवर मुलांची ताटातूटही होती. जालन्याच्या प्रोटेस्टंट बांधवांच्या इतिहासात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव अग्रभागी आहे. १८६० च्या दशकात ते जालन्यास आले आणि पुढे जवळच त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. त्यांनी स्वतः मुंबईस १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या आश्रयास होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. पण घरी आलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठे वादळ उठले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावे या बाजूने उभे राहिले. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. मिशन, न्यायालय, जातपंचायत, वृत्तपत्रे सारे त्या मुलाविषयी बोलत होते. कोणाची बाजू खरी हा वाद आज उकरण्याचे कारण नाही. आम्हांस इतकेच सांगावयाचे आहे, की मुलाने कोणत्या छपराखाली निजावे एवढेच न्यायालय ठरवू शकते. त्या छपराखाली त्याला माया मिळावी हे मात्र तिथल्या माणसांच्याच हाती असते.

आम्हा कॅथलिकांनाही या प्रश्नाने गाठले. या भागात कॅथलिक श्रद्धेचे बीज पेरले ते मुख्यतः संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संघाने. हा संघ १८३८ साली फ्रान्सकडील अनेसी भागात उदयास आला. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. शाळा दूर असत, म्हणून मिशनच्या आवारात वसतिगृहे निघाली आणि दहा-बारा वर्षांची मुले घराबाहेर निजू लागली. त्यांच्या शिक्षणाची सोय झाली. पण रात्रीच्या त्या घटकेचे काय?

याचे उत्तर ज्या संताने दिले, त्यानेही आपल्या संघाला फ्रान्सिस डी सेल्स यांचेच नाव दिले होते. इटलीतील तुरीन शहरी डॉन बॉस्को यांनी अनाथ मुलांसाठी काम आरंभिले, तेव्हा त्यांची विधवा आई मार्गारेट खेडे सोडून त्यांच्यापाशी राहावयास आली. १८४७ च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री सुमारे पंधरा वर्षांचा, गवंडीकाम करणारा एक निराधार मुलगा भिजत दाराशी आला. माउलीने त्याला शेकोटीपाशी बसवून जेवू घातले, स्वयंपाकघरात विटा-फळ्या मांडून त्याचे अंथरूण केले आणि निजण्यापूर्वी प्रामाणिकपणा, कष्ट व प्रार्थना यांविषयी चार शब्द सांगितले. आधी आसरा दिलेल्या काहींनी पांघरुणे पळविली होती, तरीही तिने दार लावून घेतले नाही. त्या चार शब्दांतून सालेशियन संस्थांमधील 'गुड नाइट'ची परंपरा निघाली. रात्रीच्या प्रार्थनेनंतर सर्व मुलांसमोर वडीलधाऱ्याने दोन-तीन मिनिटे आपुलकीने बोलावे, एवढीच ती रीत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा प्रकरणांना 'रात्र' असे नाव दिले. आश्रमातील सोबत्यांना श्याम आईच्या आठवणी सांगतो तो रात्रीच.

या परंपरेत एक शहाणपण आहे. वसतिगृहातील ते वात्सल्य सर्वांसमक्ष, शब्दांतून प्रकट होते. ते एकांतात नसते आणि स्पर्शावर अवलंबून नसते. परक्या मुलांच्या बाबतीत आजही हीच मर्यादा योग्य आहे आणि आम्ही धर्मगुरूंनी, वसतिगृहांच्या चालकांनी ती कटाक्षाने पाळली पाहिजे. घरातही वाढत्या मुलाचा संकोच ओळखावा. काल कुशीत शिरणारे पोर आज अंग चोरते, ते प्रेम नको म्हणून नव्हे. त्याचे शरीर त्यालाच नवे झालेले असते. तेव्हा हन्नाप्रमाणे आपण माप बदलावे. गालाचा मुका नको असेल तर कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करावी. तीही नको असेल तर दाराशी उभे राहून "नीज आता, देव तुझे भले करो" इतके म्हणावे. आईबापांनी लेकरांना आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरूची वाट पाहावी लागत नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या आशीर्वादविधीत मुलांना आशीर्वाद देण्याची प्रार्थना आईवडिलांच्या मुखी घातलेली आहे.

दसरा-दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून उसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर आम्ही पाहतो. मागे राहिलेली मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात महिनोन्महिने निजतात. फडावर दिवसभर कोयता चालवून थकलेल्या आईबापांना आमची एवढीच विनंती, की रात्री फोन लागला तर अभ्यास नि पैशाच्या आधी लेकराचे नाव घ्या, आणि ठेवताना आशीर्वाद द्या. जी आजी मागे आहे, तिने त्यांच्या वतीने तो हात ठेवावा.

११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा आरंभ झाला. त्या रात्री संत पेत्राच्या चौकात मशाली घेऊन लोटलेल्या जनसमुदायाला पोप तेविसावे जॉन खिडकीतून चार शब्द बोलले. जगभरचे महागुरुस्वामी रोममध्ये जमले होते, शतकातील सर्वांत मोठ्या घटनेचा तो दिवस होता. आकाशातील चंद्राकडे लक्ष वेधून अखेरीस पोप महोदयांनी सांगितले ते असे, की घरी गेल्यावर तुमची मुले भेटतील. त्यांना कुरवाळा आणि हा पोपचा स्पर्श आहे असे त्यांना सांगा. त्यांनी मुलांच्या वयाची अट घातली नव्हती.