दाढी, मुखपट्टी आणि वाट काढणारी हवा

पॅरिसचे शल्यविशारद पॉल बर्जे यांनी ऑक्टोबर १८९७ पासून शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर मुखपट्टी बांधायला सुरुवात केली. जाळीदार कापडाच्या सहा पदरांचा तो चौकोनी तुकडा होता. त्याची वरची कड नाकाच्या मुळाशी टेकवून नाड्या मानेमागे बांधलेल्या असत. खालची कड मात्र थेट त्यांच्या निर्जंतुक केलेल्या ॲप्रनला शिवलेली असे. ही शिवण कशासाठी? तर बर्जे यांना दाढी होती! मुखपट्टी हनुवटीपाशीच संपली असती, तर दाढी तिच्याखाली मोकळी राहिली असती आणि तीही नेमकी रुग्णाच्या उघड्या जखमेवर. शस्त्रक्रियेतल्या मुखपट्टीच्या इतिहासात पहिल्याच पानावर दाढीचा प्रश्न असा येऊन बसला आहे, आणि अजून तो पुरता सुटलेला नाही.

मुळात मुखपट्टी बांधावी असे या मंडळींना का वाटले? त्याच वर्षी ब्रेस्लाऊ येथे (आज हे गाव पोलंडमध्ये असून त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात) कार्ल फ्ल्यूगे यांनी एक सुंदर प्रयोग केला होता. लाल रंगाच्या वसाहती करणारा एक जीवाणू त्यांनी माणसांच्या तोंडात ठेवला आणि त्यांना बोलायला सांगितले. आसपास मांडलेल्या पोषक द्रव्याच्या बशांवर थोड्या दिवसांत लाल ठिपके उमटले. साधे बोलतानाही तोंडातून तुषार उडतात आणि त्यांबरोबर जंतू जातात, हे डोळ्यांना दिसले. त्याच गावातले शल्यविशारद मिकुलिच यांनी लगेच एकपदरी जाळीची पट्टी तोंडावर बांधली.

गंमत अशी की, त्याआधी जेमतेम चाळीस वर्षे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये दाढीची ख्याती अगदी उलट होती. कानपूरकडे नोकरी करून परतलेल्या ज्युलियस जेफ्रीज नावाच्या डॉक्टरांनी १८३६ साली फुप्फुसाच्या रुग्णांसाठी तोंडावर बांधायचे, बारीक तारांच्या जाळीचे एक उपकरण काढले. त्याचे नाव ‘रेस्पिरेटर’. पुढे दाढीच्या कैवाऱ्यांना ही कल्पना भलतीच आवडली. दाढीमिशा म्हणजे निसर्गाने दिलेला रेस्पिरेटरच, धूळ गाळणारा आणि हवा उबदार करणारा, असे ते सांगत. दाढी करणे प्रकृतीला अपायकारक आहे काय, असा प्रश्न मथळ्यातच विचारणारा लेख १८६१ मध्ये एडिनबरोच्या वैद्यकीय मासिकात आला होता.

आकडे पाहिले की या कल्पनेतली खोट कळते. दाढीचा केस साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो आणि दोन केसांमधली फट त्याहून मोठी. जीवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. एखाद्या केराला किंवा भुशाच्या कणाला दाढी अडवील, जीवाणूला ती अडवणार नाही. उलट जे अडकते ते सहज निघत नाही, हा आणखी एक त्रास. १९६७ साली अमेरिकेतल्या फोर्ट डेट्रिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दाढीवाल्या माणसांवर मुद्दाम जीवाणू फवारून पाहिले. त्यांतला एक होता फ्ल्यूगेंचाच तो लाल जीवाणू. साबणपाण्याने धुतल्यावरही काही जंतू दाढीत राहिले. हा डोस प्रयोगापुरता होता, त्यावरून घरोघरच्या दाढ्यांविषयी घबराट पसरवू नये. पण दिवसभर मुखपट्टीखाली घामेजलेली दाढी नुसती पाण्याने ओली करण्यावर भागत नाही, मुळापर्यंत साबण चोळून धुवायला हवी, एवढे त्यातून घ्यावे.

येथपर्यंत मुखपट्टीचे काम एकच होते : आपले तुषार दुसऱ्यावर पडू नयेत. त्यासाठी नाकतोंड झाकले की पुरे, कडेने थोडी हवा गेली तरी चालते. दुसरे काम आले ते पहिल्या महायुद्धात.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला. चारच दिवसांनी हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन तेथे चढाईला गेली, तेव्हा जवानांपाशी ओल्या कापडापलीकडे संरक्षण नव्हते. त्या उन्हाळ्यात ब्रिटिशांनी सैनिकांना फ्लॅनेलची पिशवी दिली. छायाचित्रकार वापरतात त्या ‘हायपो’च्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या, द्रावणात ती भिजवलेली असे. डोक्यावरून घ्यायची आणि टोके कोटात खोचायची. या पिशवीत दाढी असली काय, नसली काय, सारखेच. शरद ऋतूत जर्मनांनी मात्र रबर लावलेल्या कापडाचा मुखवटा काढला. त्याच्या पुढे गाळणीचा डबा आणि कड चेहऱ्याच्या कातडीवर घट्ट बसलेली. त्या कडेखाली केस आले की दाढी ही जिवाची बाब झाली.

ब्रिटिश सैन्यातला सक्तीच्या मिशीचा नियम ऑक्टोबर १९१६ मध्ये रद्द झाला, तो विषारी वायूच्या मुखवट्यामुळे, असे पुष्कळदा सांगितले जाते. आम्हाला ते पटत नाही. मिशी मुखवट्याच्या आत मावते, कड बसते ती गालांवर आणि हनुवटीखाली; आणि तो भाग ब्रिटिश सैनिक आधीपासूनच तासत होता. हुकमावर सही करणाऱ्या जनरल मॅक्रेडींना स्वतःची मिशी मुळीच आवडत नसे, आणि त्यांनी ती लगोलग उतरवली, हे कारण आम्हाला जास्त जवळचे वाटते.

कडेखालच्या केसांनी नेमके काय होते, ते वर्गातही दाखवता येईल. रुमालाच्या चार घड्या तोंडावर तळहाताने चहूबाजूंनी दाबून धरा आणि फुंकर मारा. हवा कापडातून जोर लावून जाते. आता गालाकडच्या कडेखाली एक फणी आडवी सरकवा आणि पुन्हा फुंका. गालाला वारा लागतो! चष्मेवाल्यांना हे करोनाच्या दिवसांत रोजच अनुभवाला येत होते. काचेवर धुके धरले, म्हणजे नाकाशी फट आहे. हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. गाळणी जितकी दाट, तितकी फटीतून जाण्याची तिची ओढ जास्त. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार कडेखाली दाढी असल्यास गळती गुळगुळीत चेहऱ्यापेक्षा २० ते १००० पट वाढते. खुंट वाढलेली दाढीही चालत नाही. ताठ केस कड उचलून धरतात.

म्हणून ‘दाढी काढा’ हा नियम विज्ञानाच्या दृष्टीने बिनचूक आहे. पण त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. शिखांच्या पाच ककारांपैकी केश हा एक. अतिशय कुरळे केस असणाऱ्या काही पुरुषांना तासल्यावर केस कातडीत वळून फोड येतात. २०२० मध्ये कॅनडातील माँट्रियलच्या दोन शीख डॉक्टर बंधूंनी बराच विचार करून, रुग्णसेवेसाठी दाढी उतरवली. आपल्या धर्माची खूण आणि आपले काम यांतले एक निवडायला लावणारा नियम खरोखर अटळ होता का?

दुसरी वाट होती, पण खर्चाची. पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारी टोपी घातली, की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो आणि फट असली तरी हवा बाहेरच जाते. १९१५ च्या पिशवीचीच ही धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. मात्र प्रत्येक वॉर्डात अशा टोप्या पुरेशा नसतात.

तिसरी वाट शिखांच्या आरशापुढच्या सामानातून निघाली. दाढी ओली करून, विंचरून, वर वळवून बसवली की ती सुकेपर्यंत वरून एक कापडी पट्टी बांधतात. तिला ठाठा म्हणतात. इंग्लंडमधल्या शीख डॉक्टरांनी कापडाऐवजी व्यायामासाठी मिळणारी रबराची ताणपट्टी घेतली. ती हनुवटीखालून गालांवरून नेऊन डोक्यावर गाठ मारली आणि त्यावर मास्क चढवला. आता कडेखाली केस नव्हते, सलग रबर होते. मग नेहमीची चाचणी : डोक्यावर पिशवी घालून आत कडू द्रवाचा फवारा मारायचा, चव लागली तर मास्क गळतो. २७ जणांपैकी २५ जण उत्तीर्ण झाले. २०२० साली हा अहवाल रुग्णालयातील संसर्गाला वाहिलेल्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नमुना लहान आहे, आणि दोघे नापास झाले हेही विसरता येत नाही, म्हणून ही पट्टी वापरणाऱ्या प्रत्येकाची चाचणी वेगळी घ्यावीच लागते. बांधण्यापूर्वी दाढी नीट विंचरून सपाट बसवायची, कारण पट्टीखाली केसांचा गुंता राहिला, तर मास्कची कड नेमकी तिथेच उचलली जाते.