सुवाह्य हौशी रेडिओ केंद्राचा बॅटरीपुरवठा

डोंगरमाथा, शिबिर किंवा आपत्तीचे ठिकाण अशा वीजजोडणी नसलेल्या जागी हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) संच चालवण्यासाठी बॅटरी, तारा, फ्यूज आणि चार्जिंगची जी व्यवस्था केली जाते, तिला सुवाह्य हौशी रेडिओ केंद्राचा बॅटरीपुरवठा असे म्हणतात. बॅटरीची निवड मुख्यतः चार गोष्टींवर ठरते: संचाला लागणारा विद्युतदाब, ग्रहण व प्रेषण करताना लागणारी विद्युतधारा, केंद्र चालवण्याचे तास आणि वाहून नेता येईल इतके वजन. बॅटरी प्रामुख्याने प्रेषणामुळे संपते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कमी शक्तीच्या केंद्रात निम्म्याहून अधिक ऊर्जा नुसते ऐकत राहण्यात खर्च होते.

भारतात हौशी रेडिओ केंद्र चालवण्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो. केंद्र विजेवर चालो वा बॅटरीवर, परवान्याच्या अटी सारख्याच लागू होतात.

== स्थानिक संदर्भ ==

शिरगाव हा ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील बदलापूर पूर्वेचा भाग आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यातील या परिसराला पावसाळ्यात पुराचा धोका असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी मुंबई व ठाणे परिसरातील वीज, दूरध्वनी आणि मोबाइल सेवा विस्कळीत झाल्या. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. तिच्यातील सुमारे एक हजार प्रवाशांची राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व इतर यंत्रणांनी सुटका केली.

मोबाइल मनोऱ्यांना राखीव बॅटरी असते, काही ठिकाणी जनित्रही असते. मात्र वीज दीर्घकाळ खंडित राहिली आणि रस्ते पाण्याखाली गेल्याने इंधन पोहोचले नाही, तर मनोरे बंद पडतात. अशा वेळी हौशी रेडिओ केंद्राला मनोऱ्याची गरज नसते. परंतु ते किती तास टिकेल हे त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर अवलंबून असते.

या भागातील भूरचनाही महत्त्वाची आहे. बदलापूरच्या पश्चिम व नैर्ऋत्य दिशांना मलंगगड, चंदेरी आणि माथेरानची डोंगररांग आहे. व्हीएचएफ लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने डोंगरापलीकडील पनवेल परिसराशी संपर्क साधताना या रांगेचा अडथळा येतो. त्यामुळे केंद्र उंचावर न्यावे लागते आणि बॅटरीचे वजन निर्णायक ठरते.

== विद्युतदाब ==

बहुतेक एचएफ संच व वाहनात बसवायचे व्हीएचएफ संच १३.८ व्होल्ट एकदिश विद्युतदाबासाठी आखलेले असतात. अनेक उत्पादक १५ टक्के कमी-अधिक, म्हणजे सुमारे ११.७ ते १५.९ व्होल्ट, ही मर्यादा देतात. विद्युतदाब त्याखाली गेल्यास प्रेषणाची शक्ती घटते, आवाज विकृत होतो किंवा संच बोलण्याचे बटण दाबताच बंद पडतो. म्हणून बॅटरीचा विद्युतदाब मोकळ्या स्थितीत न मोजता प्रत्यक्ष प्रेषण चालू असताना मोजला जातो.

== क्षमतेचे गणित ==

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत देतात. ५ वॉट शक्तीचा एचएफ संच ग्रहण करताना ०.४ अँपिअर आणि प्रेषण करताना २ अँपिअर घेतो, असे धरू. सायंकाळी ७ ते सकाळी ७ असे १२ तास केंद्र चालवायचे असून त्यातील १० टक्के वेळ प्रेषणाचा असेल, तर:

* प्रेषण: १.२ तास × २ अँपिअर = २.४ अँपिअर-तास
* ग्रहण: १०.८ तास × ०.४ अँपिअर = ४.३२ अँपिअर-तास
* एकूण: ६.७२ अँपिअर-तास

यातील सुमारे ६४ टक्के वाटा ग्रहणाचा आहे. म्हणूनच पडद्याचा प्रकाश कमी करणे, ध्वनिवर्धकाऐवजी कानातील श्रवणयंत्र वापरणे आणि ठरलेल्या वेळीच संच चालू करणे हे उपाय मोठी बॅटरी घेण्याइतकेच परिणामकारक ठरतात. प्रत्येक तासाला फक्त पहिली १५ मिनिटे ऐकायचे असे सर्व केंद्रांनी आधी ठरवले, तर तीच बॅटरी एका रात्रीऐवजी अधिक काळ पुरते.

१०० वॉटचा संच ग्रहणात सुमारे १ अँपिअर आणि प्रेषणाच्या शिखरावर २० अँपिअर किंवा अधिक धारा घेतो. बोलण्यातील चढउतार लक्षात घेऊन प्रेषणाची सरासरी १० अँपिअर धरली, तर वरील वेळापत्रकासाठी सुमारे २३ अँपिअर-तास लागतात. शक्ती १०० वॉटवरून ५ वॉटवर आणल्यास संकेत १३ डेसिबलने, म्हणजे साधारण दोन ‘एस’ एककांनी, क्षीण होतो. अँटेना चांगली असल्यास ही घट अनेकदा सोसण्याजोगी असते.

== बॅटरीचे प्रकार ==

* '''शिसे-आम्ल बॅटरी:''' यूपीएसमध्ये वापरली जाणारी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंदिस्त बॅटरी स्वस्त व सहज उपलब्ध असून तिचे वजन दोन किलोहून अधिक असते. तिची क्षमता सहसा २० तासांच्या दराने, म्हणजे ०.३५ अँपिअर धारेवर सांगितलेली असते. अधिक धारा घेतल्यास मिळणारी क्षमता कमी होते. आयुष्य टिकवण्यासाठी तिची निम्मीच क्षमता वापरणे इष्ट असते.
* '''निकेल-मेटल हायड्राइड:''' प्रत्येक घट १.२ व्होल्टचा असल्याने १२ व्होल्टसाठी दहा घट जोडावे लागतात. हे घट लहान संचांना सोयीचे असतात.
* '''लिथियम-आयन:''' हातात धरायच्या संचांत ७.४ व्होल्टचा, दोन घटांचा संच असतो. १३.८ व्होल्टच्या संचाला मात्र ही जोडणी नीट जुळत नाही. तीन घट पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देतात आणि लवकरच ११.७ व्होल्टखाली जातात. चार घट १६.८ व्होल्ट देऊन वरची मर्यादा ओलांडतात.
* '''लिथियम आयर्न फॉस्फेट:''' प्रत्येकी ३.२ व्होल्टचे चार घट मिळून १२.८ व्होल्ट होतात. क्षमता जवळजवळ संपेपर्यंत विद्युतदाब १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. हा प्रकार उष्णता अधिक सहन करतो आणि त्याची चार्जिंगची आवर्तने हजारोंच्या घरात असतात. या पदार्थाचा घटातील उपयोग १९९० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने दाखवला. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

वरील ६.७२ अँपिअर-तासांच्या गरजेसाठी ८० टक्के वापर धरल्यास १० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. तिचे वजन साधारण सव्वा किलो असते. शिसे-आम्ल प्रकारात निम्मा वापर धरल्यास ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या लागतात आणि वजन चार किलोहून अधिक होते. घरातच राहायचे असेल तर हा फरक गौण आहे, डोंगर चढताना तो गौण राहत नाही.

== बांधणी ==

स्वतः बॅटरी बांधताना एकाच उत्पादनातील, समान क्षमतेचे नवे घट घेतात. ३२७०० आकाराचा दंडगोल घट सामान्यतः ६ अँपिअर-तासाचा असतो. असे चार घट एकसरीत जोडल्यास १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तासाची बॅटरी तयार होते. जोडण्यापूर्वी सर्व घट समान पातळीपर्यंत चार्ज करतात. घटांवर थेट झाळकाम केल्यास उष्णतेने आतील भागाला इजा होते, म्हणून निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडतात.

लिथियम बॅटरीत व्यवस्थापन मंडल (बीएमएस) अनिवार्य मानले जाते. ते अतिचार्जिंग, अतिविसर्ग आणि लघुपरिपथ यांपासून संरक्षण करते. त्याची धाराक्षमता संचाच्या सर्वाधिक धारेपेक्षा जास्त असावी. अन्यथा जोरात बोलताच पुरवठा तुटतो.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला शक्य तितका जवळ बसवतात, कारण तो संचाची नव्हे तर तारेची राखण करतो. तारेची जाडीही मोजून घ्यावी लागते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या दोन मीटर लांब जोडतारेत २० अँपिअर धारेवर सुमारे ०.६ व्होल्ट वाया जातात; १ चौरस मिलिमीटर तारेत ही घट दीड व्होल्टच्या आसपास जाते. अशा वेळी बॅटरी चांगली असूनही संच बंद पडू शकतो.

== चाचणी व चार्जिंग ==

बॅटरीवर छापलेली क्षमता खरी आहे का, हे साध्या साधनांनी तपासता येते. मोटारीचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा सुमारे पावणेदोन अँपिअर धारा घेतो. १० अँपिअर-तासाची पूर्ण भरलेली बॅटरी त्यावर साडेपाच तासांच्या आसपास चालावी.

चार लिथियम आयर्न फॉस्फेट घटांसाठी चार्जरची कमाल मर्यादा १४.६ व्होल्ट असते. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून ठेवतात, तर लिथियम बॅटरी दीर्घ साठवणीत अर्धी भरलेली ठेवतात. मात्र आपत्तीसाठी राखलेली बॅटरी पावसाळ्यात भरलेलीच ठेवावी लागते. दाट ढगांत सौरपट्ट्याचे उत्पादन अतिशय घटते; त्यामुळे जुलै महिन्यात सौरऊर्जेला पूरक साधन मानतात, मुख्य नव्हे. स्वस्त सौर नियंत्रक व इन्व्हर्टर रेडिओ गोंगाटही निर्माण करतात. घरगुती इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीला फ्यूजसह थेट जोड दिल्यास २३० व्होल्ट करून पुन्हा १३.८ व्होल्टवर आणण्यातील ऊर्जानाश टळतो.

== सुरक्षितता व विल्हेवाट ==

पुराच्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी कोरडी दिसली तरी पुन्हा वापरू नये. शिसे-आम्ल बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून ती हवाबंद डब्यात ठेवत नाहीत. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातील सामानात नेता येतात. १०० वॉट-तासांहून अधिक व १६० वॉट-तासांपर्यंत क्षमता असल्यास विमान कंपनीची परवानगी लागते. १२.८ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी १२८ वॉट-तासांची असल्याने ती या वर्गात येते.

निकामी बॅटऱ्या घरगुती कचऱ्यात टाकता येत नाहीत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार त्या वेगळ्या ठेवून संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेकडे सोपवणे ही वापरकर्त्याची जबाबदारी आहे.

== हेही पाहा ==

* हॅम रेडिओ
* लिथियम-आयन बॅटरी
* उल्हास नदी
* बदलापूर