चढणीची गोडी

दुचाकीवर बसून उतरणीस लागल्यावर मनास जे सुख होते, ते कोणास शिकवावे लागत नाही. चढणीचे सुख मात्र शिकावे लागते. आणि ज्या गोष्टी शिकाव्या लागतात त्यांना इतिहास असतो. दुचाकीच्या आरंभीच्या काळात चढण ही केवळ शिक्षा होती. पुढे ती पराक्रमाची जागा झाली. आणि तिच्यात स्वस्थपणे रमता येते हा शोध मनुष्यास सर्वांच्या मागून लागला. हे तिसरे स्थित्यंतर फ्रान्समध्ये घडले. त्यावरून तेथे जो वाद माजला, तो वरवर पाहता दातेरी चक्रांचा असला, तरी मुळात श्रम आणि प्रतिष्ठा ह्यांच्या संबंधाचा होता. म्हणून तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

सेंत-एत्येन हे दगडी कोळसा, रेशमी फिती आणि बंदुका ह्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कारागिरांचे हात दुचाकीकडे वळले. ह्या गावात पोल द व्हिव्ही नावाचा एक गृहस्थ राहत असे. त्याचा जन्म १८५३ चा आणि व्यवसाय रेशमाचा. दुचाकीचा नाद लागल्यावर त्याने तो व्यवसाय सोडला, सायकलींचे दुकान थाटले आणि १८८७ मध्ये त्याच विषयास वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. 'व्हेलोसियो' ह्या टोपणनावाने तो त्यात लिही, आणि पुढे लोक त्यास त्याच नावाने ओळखू लागले. गावाच्या दक्षिणेस ११६१ मीटर उंचीवर 'रिपब्लिक' नावाची खिंड आहे. गावातून निघून तिच्या माथ्यावर पोहोचावयाचे, तर सहाशे मीटरहून अधिक उंची चढावी लागते. व्हेलोसियोची प्रयोगशाळा म्हणजे हा घाट.

त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एकदा तो हा घाट घामाघूम होऊन चढत असता, त्याच्याच पत्राचा एक तरुण वाचक तोंडात चिरूट-पाइपाचा धूर सोडीत शेजारून सहज पुढे निघून गेला. त्या तरुणाची शक्ती अधिक नव्हती. त्याच्या सायकलीचे गणित निराळे होते. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे. त्या गणिताचा थोडा विचार करू. पुढच्या चक्रास ४८ दाते आणि मागच्यास १६ असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरते आणि गाडी सुमारे सहा मीटर पुढे जाते. दोन्ही चक्रांस २४-२४ दाते असतील, तर त्याच एका फेऱ्यात ती दोनच मीटर सरकते. गाडी आणि स्वार ह्यांचे वजन वर नेण्याचे एकूण काम दोन्ही वेळी तेवढेच. परंतु दुसऱ्या रीतीत ते तिप्पट फेऱ्यांत वाटले जाते आणि एका फेऱ्याचा भार गुडघ्यास सोसेल इतका हलका होतो. सावकाराचे देणे एकरकमी फेडणे आणि हप्त्यांनी फेडणे ह्यांत जो भेद, तोच येथे.

व्हेलोसियोने आयुष्यभर ह्या हप्त्यांचा पाठपुरावा केला. आरंभीच्या गाड्यांवर वेग बदलावयाचा, तर खाली उतरून साखळी हाताने एका चक्रावरून दुसऱ्यावर चढवावी लागे. पुढे निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. आणि चालत्या गाडीवरच साखळी सरकविणारी यंत्रे तयार करण्यात ह्याच गावच्या कारागिरांनी मोठा वाटा उचलला.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या पर्यटन-मंडळाने पिरेनीज पर्वतात तूर्माले ह्या खिंडीवर सायकलींची परीक्षा घेतली. खिंडीची उंची २११५ मीटर. तीत मार्त हेस नावाच्या स्त्रीने तीन वेगांची सायकल घेऊन, जमिनीस पाय न टेकता सारी वाट पार केली. ह्यावर आंरी देग्रांज ह्या क्रीडापत्राच्या संपादकाचा अभिप्राय असा पडला की, असली साधने पंचेचाळिशी उलटलेल्यांना ठीक. धट्ट्याकट्ट्या पुरुषाने यंत्राच्या कुबड्या न घेता स्नायूंच्या बळावर जिंकावे. हाच देग्रांज पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, 'तूर द फ्रान्स' शर्यतीचा जनक झाला. १९१० मध्ये ती शर्यत पिरेनीजमध्ये शिरली. ३२६ किलोमीटरच्या त्या टप्प्यात तूर्मालेच्या माथ्यावर सर्वांच्या आधी पोहोचलेल्या ओक्ताव्ह लापीझलाही चढणीचा काही भाग सायकल ढकलीत पायी काढावा लागला, आणि पुढच्या ओबिस्क खिंडीवर त्याने संयोजकांस 'खुनी' म्हणून शिव्या घातल्या. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. आठ वर्षांपूर्वी ज्या खिंडीत एक स्त्री न उतरता गेली, तेथे युरोपातील पहिल्या प्रतीचा वीर पायी चालला, ह्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही.

देग्रांजला मूर्ख ठरविण्याचा आमचा हेतू नाही. शर्यत ही बळाची कसोटी आहे आणि कसोटीचे नियम कठोर असावे, हे म्हणणे विचारास धरून आहे. तूर्मालेचे नाव आज जगभर पोहोचले तेही त्याच्याच खटाटोपाने. परंतु शर्यतीचा कायदा जेव्हा सर्वसामान्य स्वाराच्या लज्जेचा कायदा होतो, तेव्हा हानी होते. हलके चक्र लावणे म्हणजे दुबळेपणा कबूल करणे, असे एकदा मनात भरले, की प्रौढ, अशक्त, नवशिका हे सारे घाटाच्या पायथ्याशीच अडतात.

व्हेलोसियोचा विरोध होता तो ह्या लज्जेला. त्याने स्वारांसाठी जे सात नियम घालून दिले, त्यांत यंत्राचा उल्लेखही नाही. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे. मुक्काम थोडे आणि आखूड असावे. अन्नावरची वासना व झोप उडेल इतके थकू नये. आरंभीच्या तासांत अंगात जोर वाटतो तेव्हाच स्वतःस आवरावे. आणि अहंकाराने कधीही पाय मारू नये, असा त्यांचा एकंदर आशय. ही शिकवण आळशाची नव्हे. तो स्वतः दिवसरात्र मिळून शेकडो किलोमीटर जाई आणि साठी उलटल्यावरही डोंगर चढे. चढण संपण्याची वाट पाहत बसणाऱ्यास तिच्यात रस घेता येत नाही. श्वास, पाय आणि उतार ह्यांचा मेळ बसला म्हणजे मन मोकळे होते, आणि मग झाडे, वळणे, खाली राहिलेले गाव ही सारी दिसू लागतात.

त्याच्या चाहत्यांनी रिपब्लिक खिंडीत त्याचे स्मारक उभारले. १९३० मध्ये गावातील रस्त्यावर ट्रामचा धक्का लागून तो वारला. तूर द फ्रान्समध्ये सर्व स्वारांस साखळी सरकविणाऱ्या यंत्राची मोकळीक मिळाली ती १९३७ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

आमच्याकडे कित्येक पिढ्यांनी जड, एकाच वेगाची सायकल हाताने ढकलीत सह्याद्रीचे घाट चढले. आज अनेक वेगांच्या गाड्या गावोगावी मिळतात आणि पहाटे घाटात स्वारांचे तांडे दिसतात. वादाचा यांत्रिक भाग अशा रीतीने निकालात निघाला. उरलेला भाग मात्र प्रत्येक स्वारास पहिल्याच वळणावर नव्याने सोडवावा लागतो. शेजारून कोणी पुढे गेला म्हणजे पायांत नसता जोर येतो आणि अर्ध्या घाटात छाती भरून येते. त्या वेळी पुढे गेलेल्यास जाऊ द्यावे, सर्वांत हलके चक्र घ्यावे, आणि शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतक्याच वेगाने चालावे. माथा थोडा उशिरा येतो, आणि तो इतक्या लवकर आला ह्याचेच नवल वाटते.