हृदयशस्त्रक्रियेनंतरचा श्वसनव्यायाम

छातीचे मधले हाड कापून केलेल्या बायपासनंतर वेदनेच्या भीतीने रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. परिणामी फुफ्फुसांच्या तळाकडील वायुकोश मिटतात, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून व्हेंटिलेटरची नळी निघाल्यावर लवकरच फिजिओथेरपिस्ट दीर्घ श्वसन सुरू करतात. जागेपणी दर तासाला साधारण १० श्वास. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये पुष्कळजण फुंकर मारतात. वस्तुतः हवा सावकाश आत ओढायची असते. केवळ या उपकरणावर विसंबणेही बरे नव्हे. खुर्चीत बसणे, आधाराने चालणे तितकेच आवश्यक. ‘आज विश्रांती घेऊ द्या’ ही आप्तांची माया येथे अपायकारकच. खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी. हाड सांधण्यास साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर ती उशी घरीही हाताशी असावी.