भिंत कुठवर पुरते? नागोयाची गोष्ट

आजच्या भागात आवाज अडवणाऱ्या भिंतीची गोष्ट. रुळांच्या कडेला ती उभी असते, आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण तिच्यामागे बरीच कोर्टकचेरी झालेली आहे.

१ ऑक्टोबर १९६४. जपानमध्ये टोकियो ते ओसाका शिंकानसेन धावू लागली, ताशी २१० किलोमीटर वेगानं. जगभर कौतुक झालं. पण नागोया शहरात हा मार्ग दाट वस्तीतून जातो. तिथल्या लोकांच्या वाट्याला काय आलं? सकाळी सहा ते रात्री बारा गाड्यांचा आवाज आणि घराला बसणारे हादरे.

शेवटी १९७४ मध्ये सुमारे सात किलोमीटरच्या पट्ट्यातले ५७५ रहिवासी कोर्टात गेले. आवाज आणि हादरे मर्यादेत आणा, म्हणजेच आमच्या वस्तीत गाडी हळू चालवा, आणि नुकसानभरपाई द्या, ही त्यांची मागणी. पुढच्याच वर्षी सरकारनं शिंकानसेनच्या आवाजाला मर्यादा ठरवली: राहत्या वस्तीत ७० डेसिबल, इतरत्र ७५.

१९८० मध्ये निकाल लागला. भरपाई मंजूर, वेग कमी करायला नकार! लाखो प्रवाशांची सोय महत्त्वाची ठरली. १९८५ मध्ये वरच्या कोर्टानंही वेगाला हात लावला नाही. १९८६ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

आता बघा, गाडी हळू होणार नसेल तर आवाज वाटेतच अडवायला हवा. चाकं रुळावर घासतात तिथला आवाज खालून येतो, म्हणून रुळालगतची बुटकी भिंतही कामाला येते. पण आवाज भिंतीच्या माथ्यावरून वळून पलीकडे उतरतोच. साधारण ५ ते १० डेसिबल कमी होतात. टपावरच्या पेंटोग्राफचा आवाज बुटक्या भिंतीला अडवता येत नाही. आणि जमिनीतून येणारा हादरा? त्यापुढे तर ती हतबलच.

हे आपल्याला का सांगतोय? कारण मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन याच जपानी तंत्रावर उभी राहतेय, आणि तिच्या पुलांवर दोन्ही बाजूंना अशाच भिंती बसतायत. ठाणे-पालघरच्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं: भिंत आहे म्हटल्यावर प्रश्न मिटत नाही. गाडी जाताना आपल्या घरात किती डेसिबल, आणि हादरा किती, हे विचारायचं. नागोयाच्या लोकांनी तेच विचारलं होतं.

भेटू पुढच्या भागात.