उघडा चिखल रिकामा नसतो

ओहोटीला उघडा पडणारा चिखल म्हणजे उजाड जागा, आणि तिथे कांदळवन लावणे म्हणजे किनाऱ्याची सेवा, हा समज अलीकडे रुजला आहे. भराव टाकणाऱ्यांशी भांडणे सोपे असते. पण हा लागवडीचा पक्ष निसर्गाची कळकळ असणाऱ्यांचा आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

त्यांचे म्हणणे पोकळ नाही. तिवर-कांदळांची मुळे गाळ धरतात, लाटांचा जोर मोडतात, कोळंबीच्या पिलांना आसरा देतात. कांदळवनाची कत्तल थांबलीच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. पण झाड चांगले म्हणून ते कुठेही लावावे, हे त्यातून निघत नाही. तिवर साधारणतः समुद्राच्या सरासरी पातळीच्या वरच तग धरते. त्याखालचा चिखल इतका वेळ पाण्यात असतो की रोप गुदमरते. फिलिपाइन्समध्ये अशा सखल पट्ट्यांत मोठ्या प्रमाणावर कांदळ लावले, आणि पुष्कळ ठिकाणी रोपे मरून गेली.

आणि जिथे रोप जगते तिथे काय होते? ठाणे खाडीचे रोहित पक्षी ज्यांना आवडतात, त्यांनी ते चरतात कुठे हे पाहावे. 2015 साली तिथे अभयारण्य झाले, 2022 साली पाणथळींच्या रामसर यादीत खाडीचे नाव गेले. पण रोहित झाडीत शिरत नाही, त्याला उघडा चिखल लागतो. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेनेही कांदळवनाबरोबर सजीव चिखलपट्ट्यांना वेगळे संरक्षण दिले.

माझा खरा आक्षेप मात्र माणसांवरून आहे. कोकणातले जुने गणित असे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सुकती, अर्थात पुरी ओहोटी, पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि तेव्हाच चिखल सर्वांत दूरवर उघडा पडतो. अष्टमीला सुकती भर दुपारी असते, पण भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, पाणी फार मागे हटत नाही. तिसऱ्या, खुबे, निवट्या गोळा करणाऱ्या बायकांचा महिना या गणितावर चालतो. ज्या जागेसाठी पंचांग लागते, तिला रिकामी कसे म्हणावे? तिवराची श्वासमुळे खिळ्यांसारखी वर आली की तिथे अनवाणी चालता येत नाही, हाताने चिखल उकरता येत नाही.

नकाशावर कोरी दिसणारी जागा हक्काविना नसते, हे राष्ट्रीय हरित लवादानेही मानले. उरणच्या बंदर-भरावामुळे उपजीविका गेलेल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये द्यावेत, असा आदेश त्याने 2015 मध्ये दिला. 

होडी नसलेल्या बाईचे शेत म्हणजे हाच चिखल. कुठला चिखल पोटरी धरतो आणि कुठला उभे राहू देतो, हे तिच्या पायांना कळते. दिवसअखेर बाजारात तिसऱ्यांचे वाटे लागतात ते त्या जाणतेपणावर. रोपांची आखणी करणाऱ्यांनी आधी एका अमावास्येच्या पहाटे, सुकतीला, तिच्याबरोबर खाली उतरावे आणि खुंट कुठे ठोकायचे नाहीत ते तिला विचारावे.