जंबुद्वीपाचा नकाशा आणि आपण

नकाशा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या भिंतीवरचा रंगीत कागद येतो. परंतु सहा-सातशे वर्षांपूर्वी विहारात किंवा चर्चमध्ये बसून नकाशा काढणारे लोक जमीन मोजत नसत. जगात मोलाचं काय आहे, ते ते नकाशात दाखवीत. इंग्लंडमधील हेरफर्डच्या चर्चमध्ये इ. स. १३०० च्या सुमाराचा जगाचा नकाशा आहे. त्याच्या मधोमध जेरुसलेम आहे. मग बौद्धांच्या नकाशात काय असेल? याच प्रश्नासाठी आम्ही हा लेख उपासक-उपासिकांपुढे ठेवीत आहोत.

जपानमध्ये नारा प्रांतात होर्युजी नावाचा प्राचीन विहार आहे. तेथे इ. स. १३६४ चा आशिया खंडाचा एक मोठा नकाशा जपून ठेवलेला आहे. तो भिक्षू जुकाई यांनी काढला असे मानतात. त्याचे नाव 'गोतेंजिकु-झु', म्हणजे पंचभारताचा नकाशा. जपानी लोक भारताला 'तेंजिकु' म्हणत. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण आणि मध्य असे भारताचे पाच भाग त्यात आहेत. जमिनीचा आकार अंड्यासारखा, दक्षिणेकडे निमुळता. हाच आपल्या ग्रंथांतला जंबुद्वीप! अनवतप्त सरोवर आणि त्यातून निघणाऱ्या चार नद्याही आहेत. नकाशाचा बराचसा भाग भारतानेच व्यापला आहे. काढणाऱ्याचा स्वतःचा जपान मात्र कडेला, अगदी लहानसा. आपला देश कोपऱ्यात आणि बुद्धाची भूमी मध्ये, केवढी ही श्रद्धा!

बरं, भारत कधी न पाहिलेल्या माणसाला एवढी माहिती मिळाली कुठून? तर चिनी भिक्षू ह्युएनत्संग यांच्या ग्रंथातून. ते इ. स. ६४५ मध्ये भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतले आणि ६४६ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन पूर्ण झाले. कुठून कुठे, कोणत्या दिशेला, किती अंतर, हे सारं त्यांनी नोंदवलं. होर्युजीच्या नकाशात त्यांची वाट तांबड्या रेघेने दाखविली आहे.

ही वाट आपल्या महाराष्ट्रातूनही गेली आहे. इथे शंभरावर विहार आणि सुमारे ५००० भिक्षू असल्याचे त्यांनी लिहिले. पुलकेशी राजाचे नाव आणि इथल्या लोकांचा स्वाभिमानही नोंदविला. डोंगरात कोरलेला विहार आणि दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, असेही वर्णन आहे. ते अजिंठ्याचे असावे असे इतिहासकार मानतात. तिथल्या सोळाव्या लेण्याच्या वाटेवर ते हत्ती आजही उभे आहेत.

आता विचार करा. १३६४ साली नालंदा उद्ध्वस्त होऊन दीडशेच्यावर वर्षे झाली होती. श्रावस्ती कुठे, हे इथे कुणाला सांगता येत नव्हतं. त्याच वेळी हजारो मैलांवर एक भिक्षू ती नावे कागदावर लिहीत होता! पुढे एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी ह्युएनत्संगांचाच ग्रंथ हाती घेऊन जुनी स्थळे शोधली. सहेत-महेतचे ओसाड अवशेष म्हणजे श्रावस्ती, हे १८६३ साली त्यांनी ओळखले. म्हणजे नोंद राहिली म्हणून जागा सापडली.

आजच्या शास्त्राने पाहिलं तर या नकाशात चुका पुष्कळ आहेत. अनवतप्त सरोवर तर कल्पनेतलंच. बुद्धाने डोळसपणे पाहायला शिकविले, तेव्हा हे सांगायला संकोच नको. पण त्यातली पुष्कळशी नावे खरी ठरली, हेही तेवढंच खरं.

१९५६ साली परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली आणि हरवलेला धम्म आपल्या घरी परत आला. आता नोंदी ठेवण्याची जबाबदारी आपली आहे. आपले आजे-पणजे कोणत्या गावाहून आले, गावकुसाबाहेर त्यांची घरे कुठे होती, वस्तीतला पहिला पंचशील ध्वज कुठे लागला, हे सांगणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत. आमची विनंती आहे, प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. आजीला विचारून गावाचा साधा नकाशा काढावा. वाकडातिकडा आला तरी चालेल, नावे मात्र सुटू देऊ नयेत.

जयभीम! नमो बुद्धाय!